उत्तरेची खिडकी

उभादांड्याच्या कारखान्यात
गर निवडायचं बाकडं उत्तरेच्या खिडकीशी होतं.
पश्चिमेला समुद्र. तिकडचं ऊन लबाड,
करपलेल्यालाही गोरं करून दाखवतं,
द्वारकाबाई म्हणायच्या.
उत्तरेचा उजेड तेवढा खरं बोलतो.

त्या उजेडात अकरा जणी.
अख्खा गर, पाकळी, तुकडा, कणी.
दोनशेदहा, दोनशेचाळीस, तीनशेवीस:
एका पौंडात किती गर बसतात त्याचे हे आकडे.
पौंड त्यांच्यातल्या कुणीच पाहिला नव्हता.
तळहाताला तो ठाऊक होता.

मी कुडाळच्या आयटीआयचा, वायरमन.
बॉयलर माझा, सुकवणीची भट्टी माझी,
म्हणून यंत्र आलं तेही माझ्याच गळ्यात,
ताडपत्रीखाली, दोऱ्यांनी आवळलेलं,
विसर्जनाला निघाल्यासारखं.

सोबत कोइमतूरचा सेल्वन. आठ दिवस राहिला.
सोलकढी प्यायला, समुद्रात गुडघ्यापर्यंत गेला,
आणि म्हणाला, हे अजून आंधळं आहे.
चांगलं कसं दिसतं ते याला शिकवावं लागेल.
तुमच्यात सगळ्यात चांगलं कोण निवडतं?

दहा जणींनी अकरावीकडे बघितलं.

तीन दिवस द्वारकाबाई निवडत होत्या.
चांगल्याचा ढीग. डागाळलेल्याचा ढीग.
आणि बाजूला तिसरा, मूठभर,
ज्यात मला तरी काहीच खोट दिसेना.
ह्यो कसलो, मी विचारलं.
"नाव माका म्हायत नाय.
पण ह्यो पावसान भिजललो. आठ दिवसांनी कडू होतलो."
सेल्वनने मान डोलावली,
पडद्यावर टाईप केलं: वर्ग तीन.
त्या तीन दिवसांची हजेरी दुप्पट लागली.
द्वारकाबाईंनी वहीत सही केली,
नाव पूर्ण, मधलं अक्षर सोडून नाही.

मग यंत्र सुरू झालं.
गर घसरत खाली येतो, कॅमेरा बघतो,
हवेची एक फुंकर, आणि खोटा उडून पलीकडे.
टक्. टक्. टकटकटक्.
पत्र्यावर वळवाच्या गारा पडाव्यात तसं.
अकरा जणींचा दिवस
सकाळच्या चहाआधी संपला.
चहा मात्र अकरा कपच आला होता.

मालक वाईट माणूस नव्हे.
गणपतीपर्यंत त्याने सगळ्यांना पॅकिंगला लावलं,
नंतर चौघींना ठेवलं.
जैतून आता शिरोड्याच्या एका होमस्टेत चादरी धुते.
रेमेदिना मडगावला मुलीकडे गेली, की जावयाकडे,
तिचं तिलाच नीट सांगता आलं नाही.
आणि खोटं कशाला बोलू,
माझा पगार दोन हजारांनी वाढला.

खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर साय धरते,
म्हणून खिडकी बुजवून टाकली.
चिरे मीच मोजून आणले, बत्तीस लागले.
यंत्राला स्वतःचा उजेड आहे, पांढरा,
त्याला दिशा लागत नाही.

दिवाळीला द्वारकाबाईंकडे गेलो,
कारखान्याचं पाकीट घेऊन, अर्धा किलो.
जायला नको होतं, किंवा मिठाई न्यायला हवी होती.
त्यांनी पाकीट कात्रीने कापलं,
सुपात ओतलं,
आणि सूप घेऊन पडवीत जागा बदलून बसल्या.
मला जरा वेळाने कळलं का ते.

बोटं फिरली. दोनशेचाळीस, सगळे.
"बरोबर आसा," म्हणाल्या.
मग हसल्या. "माझोच डोळो."
हसण्यात राग शोधला मी. सापडला नाही,
आणि तेच घेऊन उठणं जड गेलं.

उठता उठता बघितलं,
एक गर त्यांनी सुपाच्या कडेला सारला होता.
ह्यो काय झालो?
त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.
"काय नाय रे. सवय."

तो मी खिशात घातला.
शर्ट धुवायला टाकताना काढून ठेवला,
दुसऱ्या शर्टात परत घातला.
यंत्राने त्याला पास केलंय,
मला तर त्यात तेव्हाही काही दिसलं नव्हतं, आजही नाही.

आज सहावा दिवस.