रात्रीची पाळी

बाबांची नजर अधू झाली
तेव्हापासून पाण्याची यादी मी लिहिते.
झरफशानच्या काठचं आमचं गाव,
एक कालवा, त्रेसष्ट घरं,
आणि बाबा मीरोब, म्हणजे पाणी वाटणारे.
ते सांगतात, मी उतरवून घेते:
कुणाची पाळी, कुठला वार, किती तास.

यादीतली सगळी नावं पुरुषांची.
त्यातले निम्मे मॉस्कोत विटा वाहतात,
कुणी सुरगुतला बर्फ उपसतो.
रुस्तम तर सात वर्षांत फिरकला नाही,
तरी दर बुधवारी, रात्री दोन ते चार,
रुस्तमचा कांदा भिजतो.
दारं धरते ओयनिसो.
पायांत नवऱ्याचे रबरी बूट, पुढे चिंध्या कोंबलेले,
खांद्यावर फावडं, दातांत टॉर्च.

दिवसाचं पाणी चहाखान्यात बसणाऱ्यांचं.
असा काही नियम नव्हता.
तसं होत आलं होतं नुसतं,
पाणी उताराला लागतं तसं,
असं बाबा म्हणायचे
आणि मी लिहायचे.

तुती पिकायच्या दिवसांत सावरी कालव्यात पडली.
सातवा महिना. अंधारात फळी सरकली.
गाव म्हणालं, नशीब,
ती तरी वाचली.
त्या ‘तरी’वर ओयनिसो
महिनाभर काही बोलली नाही.

मग जूनच्या वाटपाची बैठक.
चहाखान्याचा उंबरा बायका ओलांडत नाहीत.
मी ओलांडते, कारण मी बाई नसते तिथे,
वही असते.

ओयनिसो आली ती बुटांसकट,
गालिच्यावर चिखल.
तोंड उघडलं तर आवाजच फुटेना.
आधी खोकली. मग म्हणाली, “मला… कांदे…”
हसले सगळे.
तिने फावडं भिंतीला टेकवलं.
हात मोकळे झाल्यावर सुचलं असावं तिला.
“मला दिवसाची पाळी हवी. सावरीलाही.
आणि यादीत नाव माझं घाला.
रुस्तमला कांदा चिरतासुद्धा येत नव्हता.”

बाबा रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत.
“रात्र सगळ्यांच्याच वाट्याला येते, पोरी.
वहीत आहे सगळं.
वाच गं, मेहरी.”

वही मांडीवर. अक्षर माझंच.
चार ओळी वाचून मिटणं
किती सोपं होतं.
समोवार खळखळत होता
आणि माझ्या जिभेला कोरड.

मी पहिल्या पानापासून वाचलं.
रात्री एक ते तीन, शरीफ. शरीफ सायबेरियात.
रात्री तीन ते पाच, हिकमत. हिकमत वारला.
बाहेर तुतीखालून कुणीतरी म्हणालं, “ती मी.”
पुढच्या ओळीला दुसरीच कुणी, “ती मी.”
“पुरे,” बाबा म्हणाले.
मी पान उलटलं.
वाटलं होतं, आवाज कापेल.
कापला.
तरी आकडे ऐकू येत होते.
एकवीस रात्री, एकवीस घरं,
आणि चहाखान्यातल्यांची
एकही नाही.

तीन दिवस बाबांनी माझ्या हातची नान खाल्ली नाही.
चौथ्या दिवशी, भिंतीकडे तोंड करून:
“ओयनिसोच्या बापाचं नाव काय?
पुरतं लिहायचं तर विचारून ये.”

आता एक आठवडा रात्र, एक आठवडा दिवस, सगळ्यांनाच.
फार काही नाही. कांद्याला भाव तोच.
उस्मोनकाका पहिल्या रात्री गेले
ते पहाटे कमरेपर्यंत ओले परतले.
“तिकडे फार अंधार असतो,” म्हणाले,
गावाला नवी बातमी द्यावी तसे.

सावरी अजून कालव्याकडे येत नाही.
तिचं पाणी आम्ही धरतो,
आळीपाळीने.