एका व्होल्टला चार वेढे

नंदुरबारला पथारीवर मिरची पसरली
की आमच्या दुकानात मोजणी चुकायची.
बाबा चाक फिरवायचे, मी आकडे म्हणायची,
चारशे दहा, चारशे अकरा,
आणि वाऱ्यावरचा ठसका थेट नाकात.
शिंक आली की आकडा गेला.
मग चाक उलटं.
तांब्याची तार सुटून माझ्या मांडीवर,
केसासारखी, अंगावर रोगणाचं पातळ कवच;
एक खरचटा पडला की वाया.

एका व्होल्टला चार वेढे,
हा आमच्या घरचा पाढा.
दोनशे तीसला नऊशे वीस.
बाराला अठ्ठेचाळीस.
‘पन्नास घाल,’ बाबा म्हणायचे,
‘दोन वाटखर्चाला.’

आतल्या वेटोळ्यावर कागद, कागदावर बाहेरचं वेटोळं,
कुठेच गाठ नाही, कुठेच जोड नाही.
‘मग पलीकडे जातं कसं?’
मी तेव्हा चौथीत.
बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला.
चार वाजून दहा मिनिटांनी
आमच्या दुकानातली वेळ थांबली.

मीटर पलीकडच्या टोकांना, सेल अलीकडे.
लावला, आणि काटा थरारला.
लगेच शून्यावर.
मी बघत राहिले. सेल लावलेलाच होता,
तारेतून वीज वाहतच होती,
काटा मात्र दुपारच्या म्हशीसारखा बसलेला.
काढला, आणि काटा उलट्या बाजूला उडाला.
‘पाह्यलं?’ एवढंच म्हणाले,
आणि चहाला गेले.

बदललं तरच पलीकडे कळतं,
असं मी वहीत लिहिलं,
खाली मिरचीच्या बोटाचा डाग.
खांबावरून येते ती वीज
सेकंदाला पन्नासदा जाते, पन्नासदा परतते.
म्हणजे कुणीतरी तो सेल
सारखा लावतंय, काढतंय, उलटा लावतंय,
दिवसभर, रात्रभर,
दाराच्या घंटीत, चार्जरच्या डबीत,
कोपऱ्यावरच्या डीपीत, जिच्या तेलाला उन्हाळ्यात धाप लागते.

पुढे सुपडामावशीच्या लेकाने
पुण्याहून इंडक्शन शेगडी आणली.
मावशीने तिच्यावर पुरणपोळीचं खापर पालथं घातलं.
शेगडी टुंई टुंई करून गप्प.
‘ह्या शेगडीले मन्हं खापर दिसस नही का व माय?’
मी म्हटलं, मावशी, काचेखाली एक वेटोळं आहे,
दुसरं वेटोळं म्हणजे तुमचा लोखंडी तवा.
मातीला त्याची हाक ऐकूच जात नाही.
मावशी म्हणाली, बहिरी तीच,
आणि खापर उचलून अंगणातल्या चुलीवर नेलं.

त्या हिवाळ्यात उखा बॅन्डवाला आला.
गाडीवरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जळालेला,
रोगणाचा वास पिशवीबाहेर येत होता.
‘आते कसं व्हई? रातले वरात शे.’
बाबांनी पत्र्या एकेक सोलून काढल्या,
इ अक्षराच्या एकीकडे, सरळ दुसरीकडे,
मला म्हणाले, बस.
मी नाकाला ओला रुमाल बांधला.
आठशे सत्तर. नऊशे. नऊशे वीस.
न शिंकता.

पत्र्या परत ठोकून बसवल्या, वीज दिली.
बाबांनी स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ कानाला लावली,
पातं लोखंडाला.
डोळे मिटले.
आत काय चाललंय ते असंच कळायचं त्यांना,
डॉक्टरकडे स्वतः कधी गेले नाहीत.
उखा घाईत होता. गाडी निघून गेली.

रात्री अकराला वरात आमच्या गल्लीतून गेली.
पोरं नाचली, घोडा बुजला,
नवरदेवाचा फेटा एकदा सुटला.
गाणं सगळ्यांनी ऐकलं.
बाबा ओट्यावर मान तिरकी करून
गाण्याच्या खालची घुंई ऐकत होते.

‘एक पत्री सैल राह्यली,’ म्हणाले,
आणि आत जाऊन झोपले.
दुकानात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.