अडतीस मिलिमीटर

डेटन, ओहायो. फेब्रुवारीतला मंगळवार.
दुकानाच्या काचेवर आतून वाफ, बाहेरून रस्त्यावरचं मीठ.
व्हर्लीन टिब्स शाळेची बस डेपोत लावून
पिवळ्या जाकिटातच येते,
आणि भिंतीसमोर उभी राहते
मागल्या चार मंगळवारांसारखी.

भिंतीवर तो टांगलाय:
लॉयल पेटवेच्या सहीचा बेस. तेवीसशे डॉलर.
शेजारी त्याचाच सख्खा भाऊ,
तेच लाकूड, तोच कारखाना, सही नाही.
चौदाशे.

"मग नऊशे कशाचे?"

एकतीस वर्षं मी इथे गिटारी दुरुस्त करतोय,
मला उत्तर यायला हवं.
पिकअप वेगळे आहेत, म्हणतो, त्यांचे ऐंशी धर.
पेटीला आतून जांभळी मखमल, पन्नास.
आणि हे बघ, वरच्या कडेला उडालेला रंग.
पेटवेचा अंगठा तिथे टेकायचा.
आता कारखान्यात कुणीतरी सँडरने
तेवढाच, त्याच आकाराचा रंग उडवतं,
दिवसाला चाळीस वेळा.
त्याला झिजवायला सव्वीस वर्षं लागली,
यांना चार मिनिटं.

"त्या झिजेचे किती?"
ते मला लावता येत नाहीत.

पेटवेला मी एकदाच ऐकलं. म्हणजे पाहिलं.
काउंटीच्या जत्रेत, वीज गेली होती.
ड्रमवाला थांबला, गाणारी थांबली,
हा वाजवतच राहिला,
आणि पुढच्या रांगेतली माणसं
न ऐकू येणाऱ्या सुरांवर
त्याच्या बोटांकडे बघून मान डोलवत होती.
हे मी तिला सांगत नाही.
सांगितलं तर नऊशे वसूल वाटतील.

ती खाली उतरवून घेते. बसते.
रविवारी चर्चमध्ये वाजवते तेच चार सूर,
सावकाश, वळणावर बस घ्यावी तसे.
मग थांबते. डावा हात उघडून बघते,
जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.
"दुखला नाही," म्हणते.

दुखणार नाहीच.
लहानपणी पेटवेची करंगळी
ट्रकच्या दारात चेंगरली होती,
म्हणून त्याने मान बारीक करून घेतली.
अडतीस मिलिमीटर.
एका माणसाची अडचण
दुसरीच्या संधिवाताला अशी येऊन मिळते,
आणि मध्ये कंपनी तिकीट फाडते.

"सही खरवडता येईल?"
येईल. पण मग विकताना निम्मेच येतील.
"विकायचाय कुणाला?"

त्यानंतर ती बराच वेळ काही बोलत नाही.
हीटर खोकतो.
मी एक तार गुंडाळतो, उलगडतो.
ती बेस परत टांगते, नीट, सही समोर येईल असा,
बाहेर जाते,
आणि गाडीतून स्वतःचा घेऊन येते:
गहाणवटीच्या दुकानातला, तपकिरी,
एका खुंटीच्या जागी दाराची मूठ.

"याची मान तेवढी करून दे."

मान हवी होती तिला. मानाचं काय करायचं होतं?
एकशे ऐंशी, म्हणतो, दोन आठवडे.
मालक ऐकत नव्हता, बरं झालं.
नाहीतर तो म्हणाला असता,
गिऱ्हाईक तेवीसशेचं होतं.

रात्री मी चार स्क्रू काढले.
मान अंगापासून सुटली
आणि लाकडाच्या टाचेवर,
जिथे कधी उजेड पडत नाही,
पेन्सिलीने लिहिलेलं होतं:
आर. डब्ल्यू., १९७९, जेवणाआधी.

दोन्ही कडा तासल्या. टाच तशीच ठेवली.

न्यायला आली तेव्हा तिला फोटो दाखवला.
"कोण हा?"
काय माहीत. भूक लागली असेल.
ती हसली, मग फोटो पुन्हा मागून घेतला,
मोठा करून पाहिला, त्या 'जेवणाआधी'वर बोट ठेवून.

भिंतीवरचा अजून तिथेच आहे.
मार्चमध्ये दोनशेने उतरला.