दहा मीटर दोर

लळिंगच्या कुरणात पहाटे साडेपाचला
गवत अजून ओलं असतं.
चाळीस मिनिटांपूर्वी भटू ठेलारी इथून चालून गेलाय,
दर पावलात कळण्याच्या भाकरीचा तुकडा टाकत,
मटणाच्या पाण्यात बुडवलेला, नखाएवढा.
शेवटी कुठंतरी त्याचा एक हातमोजा.
कुठं, ते मला सांगायचं नाही असा नियम.

नोंदवहीत हिचं नाव जुली.
मी भिंगरी म्हणते.
गाडीचं दार उघडायच्या आधीच शेपटी पत्र्यावर वाजते,
छातीपट्टा चढेपर्यंत माझ्या कोपराला नवा ओरखडा.

पहिले दोन महिने आम्ही वास काढलाच नाही.
आम्ही धावलो.
नाक वर, कान मागं,
भटूच्या वळणावरून सरळ पुढं,
पऱ्हाटीच्या खुंटांतून, बोरीच्या काट्यांतून,
एकदा तर थेट मेंढ्यांच्या वाड्यात,
जिथं शंभर वास होते आणि एक म्हातारी,
तिनं आम्हाला चहा दिला.
मोजा मागंच राहिला, पळसाखाली.
निंबा अप्पांनी वहीत लिहिलं :
वेग भरपूर, काम शून्य.

मग मी दोर आवळला.
मी ओढलं की ती दुप्पट ओढायची,
तळहाताची साल निघाली.
एकदा जोरात खेकसले.
ती खाली बसली, कान पाडून,
गवताकडं बघेचना.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

अप्पा बांधावर तंबाखू मळत होते.
"ती नही पयत, बागूलबाई," म्हणाले,
"तू पयी राहयनी.
तुनी घाई दोरनी वाटे जास."

मला शिंदखेड्याची वेचणी आठवली.
अकरा वर्षांची मी, ओळ सगळ्यांच्या आधी संपवणारी,
आणि मागून मावशी,
बोंडाच्या चौथ्या पाकळीत राहिलेला कापूस दाखवत :
जा, परत पहिल्या झाडापासून.

आता गाडीतून उतरून आम्ही आधी काहीच करत नाही.
मी दगडावर बसते.
ती थरथरते, कुईकुई करते,
टिटवी ओरडते, घाटात ट्रक गिअर बदलतात.
तिचा श्वास तोंडातून नाकात येईपर्यंत
मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधते.
कधी तीनदा.

मग दोर तिच्या पोटाखालून, मागच्या पायांमधून,
जमिनीलगत,
म्हणजे डोकं खाली राहतं.
मीटरमीटरला गाठ.
गाठी मुठीतून सरकू देते एकेक,
आणि ताण?
विहिरीत पोहरा पाण्याला टेकल्याचं
हाताला कळतं ना, तेवढाच.

आज वळणावर ती तीन हात पुढं गेली.
मी उभी राहिले. ओढलं नाही, बोलले नाही.
दोर संपला म्हणून तीही थांबली.
नाक हवेत. मग गवतात.
फुर्र फुर्र करत अर्धं वर्तुळ मागं.
भाकरी तिथं नव्हती, मुंग्यांनी नेली होती,
तरी ती तिथंच रेंगाळली,
भटूच्या टाचेवर, बराच वेळ,
माझ्याकडं एकदाही न बघता.

मग डावीकडं.
पाऊल, पाऊल, पाऊल.
ऊन किल्ल्याच्या कड्यावरून उतरत आमच्या मागं येत होतं,
आमच्याच चालीनं.

मोजा सापडला तेव्हा ती त्याच्यापुढं आडवी झाली,
शिकवल्याप्रमाणं,
दोन सेकंद.
मग भिंगरीची भिंगरी झाली.
मोजा तोंडात, माझ्याभोवती सात चकरा,
दहाच्या दहा मीटर पिंढऱ्यांना गुंडाळले,
मी गवतात आडवी.
अप्पा वहीत काहीतरी लिहीत होते.
आणि लांबून भटू ओरडत होता,
बाई, फाडू देऊ नका तो,
जोडीतला तेवढाच राहिलाय.