जरा खाली घे, सिरिल

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं.
सुरू होण्याआधी खुर्ची करकरते,
कुणीतरी ग्लास ठेवतं,
आणि अर्नेस्टीन पेटिबोन, वय सत्त्याहत्तर,
पियानोवाल्याला म्हणते :
जरा खाली घे, सिरिल.

हे कुणी कापलं नाही. रेकॉर्डवर तसंच राहू दिलं.

हेच गाणं तिनं एकतिसाव्या वर्षी गायलं होतं.
तेव्हा मी खनिजाच्या बोटीवर सुकाणू धरायचो,
डुलुथ ते क्लीव्हलंड,
आणि रात्री दोननंतर शिकागोचं स्टेशन
सुपीरियर सरोवरावरून तुटत तुटत यायचं.
धुक्याचा भोंगा मिनिटामिनिटाला मध्ये तोंड घालायचा.
त्याच्या दोन हाकांमधल्या जागेत
ती अख्खी ओळ बसवायची,
निदान मला तसं वाटायचं.
मागे सतरा वाद्यं, आणि ही
कठड्याला हात न लावता जिना चढून जायची.
सगळ्यात वरच्या पायरीवर ‘परत’ हा शब्द होता.
तो ती इतका लांब धरायची
की एकदा माझी नजर होकायंत्रावरून ढळली
आणि कॅप्टन ओस्टबीनं, स्वतः नॉर्वेचा असून,
मला फिनिशमध्ये शिव्या घातल्या.

गाणं तिचं नव्हतंच म्हणा.
तिच्या जन्माआधीच्या कुठल्यातरी पडलेल्या नाटकातलं,
नाटक तीन आठवड्यांत गुंडाळलं,
गाणं मागे उरलं.
मग शंभर जणांनी गाऊन
बोटीच्या कठड्यासारखं गुळगुळीत केलं.
त्यावर हात फिरवायला काय लागतं?
पण धरून उभं राहायचं, लाट असताना...

ही दुसरी रेकॉर्ड इर्यानं आणली,
बंद पडणाऱ्या दुकानातून, तीन डॉलरला.
मी पहिल्याच ओळीला हसलो.
म्हटलं, भांड्याला पोचा आलाय, आवाज गेला बाईचा.
इर्या हेरिंग साफ करत होती.
सुरी न थांबवता म्हणाली,
गेलाय कुठला. घरातच आहे.
आता उठून दाराशी येत नाही, एवढंच.
थांब, ‘परत’ येऊ दे.

‘परत’ आला.
म्हणजे, आलाच नाही.
अर्नेस्टीन जिन्याच्या तळाशी उभी राहिली,
वर पाहिलं,
सिरिलनं एकच पट्टी दाबली, तीही शेजारची,
आणि तिनं तो शब्द नुसता बोलून टाकला,
कुणी घरी आल्यावर किल्ली टेबलावर ठेवावी तसा.
आणि मला, शपथेवर सांगतो,
तो वरचा सूर ऐकू आला.
खोलीत कुणीही गायला नव्हता तो.

मी हे तेव्हा कबूल केलं नाही.
म्हटलं, मासा ताजा दिसतोय.

आता चार हिवाळे झाले.
एका जागी सुई उडते,
तिथे इर्यानं कधीतरी कॉफी सांडली होती.
‘स’ म्हणताना म्हातारीच्या दातांतून बारीक शीळ जाते,
ओळीच्या मध्यावर ती श्वास घेते,
लपवत नाही,
बाकावर पिशवी टेकवावी तसा घेते, आणि पुढे निघते.
जुनी रेकॉर्डही लावतो मी.
तिच्यावर प्रेम करायला काही कष्ट पडत नाहीत.

आज सकाळी पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ.
पूर्वी मी एका दमात रस्त्यापर्यंत उपसायचो.
तिसऱ्या फावड्याला थांबलो.
समोरचा आर्लो काचेला नाक लावून बघत होता,
पोरगं जाऊन आईला सांगणार, म्हातारा पडला की काय.
तोंडातून वाफ सोडत मी
फावड्यालाच म्हटलं,
जरा खाली घे, सिरिल,
आणि टपालवाल्यापुरती वाट काढली.