जुलैतल्या किल्ल्या

शाळा बंद झाल्या की रूवीतली आमची इमारत
मजल्यामजल्याने रिकामी होते
आणि माझ्या कमरेला किल्ल्या वाढत जातात.
तीनशे दोन, टेमकर. चारशे एक, कोट्टयमच्या दोन नर्सेस.
पाचशे चारचं नाव मला उच्चारता येत नाही,
पण माणूस चहा विचारतो.

लिफ्टच्या दारात मी सगळ्यांना एकच विचारतो,
मेन कॉक बंद केलात?
हो हो, केला, म्हणतात.
या हो-होमध्ये दोन वर्षांमागे
दोन मजल्यांची छतं खाली आली.
कमोडशेजारची फवाऱ्याची नळी, दीड रियालची,
वरून दागिना, आतून रबर.
रात्री दाब वाढला, सुटली.
घरवाले पुण्यात कुणाच्या तरी बारशाला.

पाणी वाईट नसतं.
त्याला वाट लागते.
नाही दिली, तर ते घराची लावतं.

म्हणून सांगतो, चहाचा चोथा मोरीत नको,
बिर्याणीचं तूप तर नकोच, ते पुढे जाऊन
वळणावर बसतं, नातेवाइकासारखं.
नळ करकचून पिळू नका.
थेंब थांबत नसेल तर तुमचा हात कमी पडला नाही,
वॉशर दमलाय.

आणि मेपासून गीझर बंद ठेवा.
गच्चीवरची टाकी उन्हात उकळते,
गारचा नळ भाजतो,
घरातल्या गीझरमधलं पाणी तेवढं निवांत असतं,
म्हणजे लाल खुणेतून गार येतं.
नवा पोरगा रोहिदास हसला हे ऐकून,
चाचा, मग नळांवरचे रंग बदलू का?
म्हटलं, राहू दे.
पाच महिन्यांनी परत खरे होतात.

एक गोष्ट मात्र कुणालाच पटत नाही.
न्हाणीच्या जाळीखाली वाटीभर पाणी असतं.
तेवढंच खालच्या गटाराला म्हणतं, थांब तिथेच.
बंद घरात, या उन्हाळ्यात, ते आटून जातं.
मग आधी वास वर येतो,
त्यामागून झुरळं, बिऱ्हाड घेऊन.

तर दर शुक्रवारी, जुम्म्याच्या आधी,
मी एकेक कुलूप उघडतो.
तांब्याभर न्हाणीत, तांब्याभर मोरीत,
एक धुण्याच्या यंत्रामागे.
वर चमचाभर खोबरेल, म्हणजे पाणी लवकर उडत नाही.
टेमकरांच्या भिंतीवर कॅलेंडर अजून जूनमध्ये आहे,
दूधवाल्याच्या खाड्यांसकट.
मी पान उलटत नाही.
माझं काम जाळीपर्यंत.

काल रात्री जैनबचा फोन.
मागे टप् टप् ऐकू आलं.
ओळखलं मी, स्वयंपाकघरातला, डावीकडचा.
म्हटलं, आधी टाकीचा कॉक बंद कर,
मग वरची टोपी फिरव, घड्याळाच्या उलट,
आणि सुरीने नको, पान्याने.
ती सगळं ऐकून घेत होती.
मग म्हणाली, तो तर मी शबेबरातीलाच बसवला,
तुमच्या जुन्या चपलेचं रबर कापून.
एक थेंब नाही.

मग हा आवाज?

कान लावा, म्हणाली.
तुमच्याकडचा आहे.

आठ जणांची खोली, एक मोरी,
आणि त्या नळाखाली, देवाशप्पथ,
फरशीवर पिवळा डाग, कितीतरी जुना.
कुणाच्या लक्षात आला नाही,
आठातले तीन प्लंबर.

खिशात अर्ध्या इंचाचा वॉशर होता.
पण मेन बंद करायचा तर
रात्रपाळीहून येणाऱ्यांच्या अंघोळी अडतात.
म्हणून नुसती बादली लावली आणि पडलो.
पहाटेला अर्धी भरली होती.

आज शुक्रवार.
जाळ्यांना त्यातलंच नेलं.