एक पाऊल जास्त

संबोधी तायडे आली तेव्हा मी शिट्टी शोधत होतो.
वय सोळा. वडील वीज मंडळात,
अकोल्याहून बदली होऊन चोपड्याला.
पिशवीतून तिनं आधी सर्टिफिकेटं काढली,
मग, जरा थांबून, पट्टा.
ब्राउन. कडेचे धागे सुटलेले,
गाठीच्या जागी जवळजवळ पांढरा.
'बांधू का, सर?'

आमचा क्लास जुन्या जिनिंगच्या गोडाउनात.
सरकीचा वास अजून भिंतींत आहे,
पंखा लावला की कुठूनतरी कापसाचा पुंजका सुटतो
आणि पोरं ओळ मोडून फुंकर मारतात.
ओळ पट्ट्यांच्या रंगानं लागते.
पहिला हितेंद्र कोळी, निळा.
रात्री केळीच्या गाड्या भरतो,
पहाटे साडेपाचला येऊन कुलूप उघडतो, झाडू मारतो.
त्यानं पट्ट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
सायकल काढताना म्हणाला,
'मी तीन वरीस थांबनू, सर. आते काय करशात?'

मी म्हणालो, बघू.
'बघू' हा माझा सगळ्यात वरचा पट्टा.

मी आयटीआयला धुळ्यात गेलो तेव्हा
तिथल्या सरांनी सांगितलं होतं :
पांढरा बांध, शेवटी उभा राहा, इथलं इथं कमव.
दोन महिने आठ वर्षांच्या पोरांमागे उभा राहिलो
आणि शिकलो एवढंच,
की घामोळं मानेवरून पाठीकडे कसं उतरतं.

म्हणून तिला म्हटलं, पट्टा राहू दे. काता दाखव.

तिसऱ्या वळणावर ती चुकली.
म्हणजे मला वाटलं, चुकली.
तिथं आम्ही डावा पाय आधी जवळ घेतो,
एक छोटं पाऊल, मग वळतो.
ती चवड्यावर भोवऱ्यासारखी एका दमात फिरली
आणि गुद्दा आधीच पोचलेला.
'पुन्हा.'
पुन्हा तसंच.
हितेंद्र हसला.
मला मगन सर दिसले.

मगन बडगुजर. शिरपूर रस्त्यावर लूनावरून पडले,
उजव्या गुडघ्यात सळई बसली.
मी त्यांच्याकडे गेलो तो त्यानंतर.
वळताना ते एक पाऊल जास्त टाकायचे,
दुखायचं म्हणून.
आम्ही बावीस पोरांनी ते उतरवून घेतलं, जसंच्या तसं.
पुढे मी ते शिकवलं, ओरडून शिकवलं,
आणि ते पाऊल खातो म्हणून हितेंद्रला
गेल्या मार्चात थांबवलं.
त्याच्या आधीच्या मार्चातही.

रात्री दार लावून मी एकटाच वळून पाहिलं.
चवड्यावर, बेचाळिसाव्या वर्षी.
भिंत धरावी लागली.

सोमवारी तिला म्हटलं, बांध ब्राउन.
मी दिला नाही, सोडायला लावणारा मी कोण?
पण पुढची परीक्षा माझ्याकडे द्यायची
तर आमचं सगळं शिकावं लागेल, ते पाऊलही.
ते कुणाच्या गुडघ्याचं आहे, हे सांगून शिकवीन.
आणि उभी राहा हितेंद्रच्या डावीकडे.
कुलूप तो उघडतो.

ती 'हो' म्हणाली. पटलं की नाही, कळलं नाही.

हितेंद्रला अजून काही सांगितलेलं नाही.
आत त्याचा झाडू चाललाय.
मी दारात चपला काढतोय,
एक,
मग बऱ्याच वेळानं दुसरी.